आत्याच्या नावाचं हॉस्पिटल आणि भाच्याचा अणू

घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू होण्याआधी कितीतरी दिवस नुसती मोजमापं का चालतात? या प्रश्नाचा माग काढता काढता गाठ पडली डॉ. होमी भाभांशी. अणुभट्टीवाले भाभा आपल्याला पाठ असतात. हॉस्पिटलवाले भाभा फारसे कुणी सांगत नाही.

आमच्या ओळखीतले एक काका आहेत. अंबड तालुक्यातले. थोडी मोसंबीची बाग, थोडी कपाशी. आयुष्यभर तळहातावर तंबाखू मळलेली. मध्यंतरी घास गिळताना दुखायला लागलं, मानेला बाजूला गाठ आली आणि तपासणीत घशाचा कॅन्सर निघाला. मुलीला सोबत घेऊन काका रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेले.

तिथे पहिल्या आठवड्यात काय झालं? दात तपासले. स्कॅन काढला. चेहऱ्यावर गरम, मऊ प्लॅस्टिकची जाळी दाबून तिचा मुखवटा केला. तो मुखवटा घालून पुन्हा स्कॅन काढला. आणि मग सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. रेडिएशनला आपल्याकडे सगळे ‘लाइट’ म्हणतात. ती लाइट काही सुरू झालीच नाही. काका वैतागले. लॉजचं भाडं चढत होतं, इकडे बागेला पाणी द्यायला कुणी नव्हतं. नुसते फोटोच काढायचे असतील तर ते जालन्यातही निघतात, असं म्हणून त्यांनी पिशवी भरायला घेतली. मुलीने कसंबसं थांबवलं.

मी तेव्हा मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. काकांचा प्रश्न मलाही पटला होता. आजार वाढतोय आणि डॉक्टर फोटो काढत बसलेत, असं कसं? इंटर्नशिपमध्ये याच विषयावर वाचायला घेतलं तेव्हा पहिल्याच पानावर अडखळले. परळचं टाटा मेमोरियल, म्हणजे देशभरातून कॅन्सरचे पेशंट जिथे येतात ते हॉस्पिटल, केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे नाही. ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. अणुबॉम्ब, अणुभट्टी वगैरे बघणारं खातं हॉस्पिटल चालवतं? त्याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे.

इंजिनिअर हो, मग बघू

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील वकील. घरात पुस्तकं, चित्रं आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स. वडिलांची बहीण मेहरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरात होमीचं लहानपणापासून येणं-जाणं. देशात पोलाद कसं उभं राहतं, संस्था कशा उभ्या राहतात, हे त्याच्या कानावर जेवणाच्या टेबलावरच पडत होतं.

कॅथेड्रल स्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज, मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि १९२७ मध्ये थेट केंब्रिज. घरच्यांचं ठरलेलं होतं: मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. पण पोराचं मन फिजिक्समध्ये. हे भांडण आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरात झालेलं असेल. भाभांच्या घरी तोडगा निघाला तो असा, की आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग आण, मग तुला गणित शिकायला आणखी पैसे देतो. होमीने १९३० मध्ये पहिला वर्ग आणला. वडिलांनी शब्द पाळला.

आत्या गेली तेव्हा

पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, मेहरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. रक्ताचा कॅन्सर. उपचार परदेशात चालले होते. पैसा, ओळखी, उत्तम डॉक्टर, सगळं हाताशी असूनही काही करता आलं नाही. होमी तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला आणि त्याच वर्षी तेही गेले. भारतात कॅन्सरचं चांगलं हॉस्पिटल हवं, हा विचार मात्र टाटांच्या ट्रस्टने सोडला नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. म्हणजे आज ज्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर आपल्या मराठवाड्यातली माणसं फाइल पोटाशी धरून बसलेली असतात, ती एका घरातल्या दुःखातून उभी राहिली.

उलट्या इलेक्ट्रॉनचा अभ्यास

इकडे केंब्रिजमध्ये होमी सैद्धांतिक फिजिक्समध्ये बुडाला होता. १९३२ मध्ये पॉझिट्रॉन सापडला होता. म्हणजे इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, फक्त विद्युतभार उलटा. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा काय होतं, याचं गणित भाभांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर मांडलं. जगभरच्या पुस्तकांत ते आजही ‘भाभा स्कॅटरिंग’ या नावानेच शिकवतात. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक कोडं सोडवलं. अवकाशातून येणारा एक जोरकस कण वातावरणात शिरला की त्यातून कणांची अख्खी सर कशी कोसळते, हे ते कोडं.

हे सगळं कागदावरचं फिजिक्स. हॉस्पिटलशी त्याचा तेव्हा काडीचा संबंध नव्हता. पण हा पॉझिट्रॉन लक्षात ठेवा, तो पुढे परळमध्ये भेटणार आहे.

सुट्टीवर आला आणि राहिला

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं थांबलं. मग ते बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्याकडे रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर परत जाऊन सुखाने संशोधन करता आलं असतं. त्यांनी ठरवलं, इथेच राहायचं आणि इथेच शाळा उभी करायची.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. देशात तेव्हा अणुवीज तर सोडाच, स्वातंत्र्यही नव्हतं. पण वीज तयार करायची वेळ येईल तेव्हा लागणारी माणसं आपल्याकडेच तयार असली पाहिजेत, हा त्यांचा हिशोब होता. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली आणि वर्षाअखेरीस पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात आली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, भाभा त्याचे अध्यक्ष. १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली.

क्रम बघा. आधी माणसं, मग मोजमापं, मग यंत्र. भाभांच्या प्रत्येक कामात हा क्रम दिसतो.

माणूस नुसता लॅबमधला नव्हता. ते स्वतः चित्रं काढत, संस्थेसाठी चित्रकारांची चित्रं विकत घेत, बागेत कुठलं झाड कुठे हवं हे जातीने बघत. बांधकामाच्या आड येणारं मोठं झाड तोडण्यापेक्षा ते मुळासकट हलवायची त्यांची खटपट असे.

१९६२ चा निर्णय

टाटा मेमोरियल १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं होतं. पुढे १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. त्यामागे दोन माणसांची दृष्टी होती, जे. आर. डी. टाटा आणि होमी भाभा. कॅन्सर शोधायचा, तो किती पसरलाय ते बघायचं आणि त्याला मारायचं, या तिन्ही कामांत पुढे किरणांचाच वाटा मोठा असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. मग किरणं समजणारी माणसं आणि पेशंट समजणारी माणसं एकाच छताखाली का नकोत?

म्हणजे आत्याच्या आठवणीत उभं राहिलेलं हॉस्पिटल एकवीस वर्षांनी भाच्याच्या खात्यात आलं.

भाभा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच १९६२ मध्ये तुर्भ्याच्या केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा सुरू झाला. फिजिक्स शिकलेल्या मुलांना हॉस्पिटलसाठी तयार करणारा हा अभ्यासक्रम. १९६३ मध्ये परळलाच, टाटा मेमोरियलच्या शेजारी, रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. तिथे किरणोत्सारी औषधं देऊन शरीराच्या आतलं चित्र काढायचं आणि थायरॉइडसारख्या आजारांवर उपचार करायचे, हे काम चालू झालं.

मग त्या आठवड्यात काय चालतं?

आता काकांकडे परत येऊ. कॅन्सरच्या गाठीवर किरणं सोडायची म्हणजे आंधळेपणाने टॉर्च मारायची नसते. घसा आणि मान ही शरीरातली सगळ्यात दाटीवाटीची वस्ती. गाठीपासून बोटभर अंतरावर मज्जारज्जू, वर मेंदूचा देठ, समोर जबडा, दोन्ही कानांखाली लाळ तयार करणाऱ्या ग्रंथी.

पूर्वी साध्या एक्स-रेवर हाडांच्या खुणा बघून चौकोन आखायचे आणि दोन्ही बाजूंनी किरणं द्यायचे. गाठ जायची, पण लाळेच्या दोन्ही ग्रंथीही भाजून निघायच्या. कॅन्सर बरा झालेला माणूस जन्मभर कोरड्या तोंडाने जगायचा. ज्वारीची भाकरी लाळेशिवाय गिळून बघा, म्हणजे ही शिक्षा किती मोठी आहे ते कळेल.

सीटी स्कॅनने हे बदललं. माणसावरचा पहिला सीटी १९७१ मध्ये लंडनमध्ये झाला. सीटीचं चित्र म्हणजे नुसता फोटो नसतो. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे एक हजार, घट्ट हाड म्हणजे कित्येक शे. किरणं कुठे किती अडतील याचा हिशोब त्या आकड्यांवरून कॉम्प्युटर करतो. म्हणून उपचाराच्या वेळी जसं झोपायचं, तसंच, तोच मुखवटा घालून स्कॅन काढतात. डोकं दोन-चार मिलिमीटर जरी हललं तरी नकाशा चुकतो. काकांना गुदमरवणारी ती जाळी त्यासाठी होती.

मग डॉक्टर स्कॅनच्या एकेका कापावर पेन फिरवतात. ही दिसणारी गाठ. हा तिच्या भोवतीचा भाग, जिथे न दिसणारा कॅन्सर असू शकतो. ही वर थोडी मोकळी जागा, हालचालीच्या चुकीसाठी. मग वाचवायचे अवयव. असे कितीतरी काप, एकेक हाताने तपासायचा. जिभेच्या मुळाशी किंवा नसांच्या आसपास सीटीत नीट दिसत नसेल तर एमआरआय काढून तो सीटीवर तंतोतंत बसवतात.

आणि आता तो पॉझिट्रॉन. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात. त्या साखरेतून पॉझिट्रॉन सुटतात, लगेच इलेक्ट्रॉनला भिडून नाहीसे होतात आणि प्रत्येक वेळी विरुद्ध दिशांना दोन किरणं निघतात. यंत्र ती पकडतं आणि मानेतली लपलेली गाठ चमकून दिसते. ही साखर दर ११० मिनिटांनी निम्मी उरते. मुंबईत तयार करून सात तासांच्या रेल्वेने जालन्याला आणली तर जेमतेम चौदावा हिस्सा शिल्लक राहील! म्हणून ती बनवणारा सायक्लोट्रॉन जवळ लागतो. भारतातलं पहिलं पेट यंत्र २००२ मध्ये बसलं ते परळच्या त्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये.

चित्रं झाली की काम मेडिकल फिजिसिस्टच्या टेबलावर येतं. १९६२ च्या त्या डिप्लोमातून तयार होतो तो हा माणूस. गाठीला साधारण ६६ ते ७० ग्रे इतका डोस ३३ ते ३५ दिवसांत वाटून द्यायचा. मज्जारज्जूला ४५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. लाळेच्या ग्रंथीला सरासरी २६ च्या आत ठेवायचा प्रयत्न करायचा. किरण किती कोनांतून, कुठल्या आकाराचा, कुठे पातळ, कुठे दाट, हे बसवायचं आणि पेशंटला लावण्याआधी यंत्रावर तपासून बघायचं. याला दिवस लागतात. काकांचा आठवडा इथे खर्च झाला होता.

याने फरक पडतो का? टाटा मेमोरियलमध्येच २००५ ते २००८ या काळात ६० पेशंटवर याची चाचणी झाली. काहींना आधीच्या पद्धतीने आणि बाकीच्यांना तीव्रता कमी-जास्त करणाऱ्या नव्या पद्धतीने रेडिएशन दिलं. दोन्हीकडे कॅन्सरवरचा ताबा सारखाच राहिला, पण नव्या पद्धतीत लाळ वाचली आणि तोंड कोरडं पडण्याचा त्रास कमी झाला.

न बघितलेलं

यातलं काहीच भाभांनी बघितलं नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला उतरण्याआधी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. पहिला सीटी व्हायला अजून पाच वर्षं होती.

म्हणून सीटी प्लॅनिंगचं श्रेय भाभांना देणं खोटं ठरेल. ते काम जगभरातल्या शेकडो लोकांचं. भाभांनी केलं ते एवढंच, की ही यंत्रं आली तेव्हा ती चालवणारी, मोजणारी माणसं हॉस्पिटलात आधीच होती. पुढे तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचं नाव मिळालं आणि तिथल्या लोकांनी कोबाल्टवर चालणारं देशी रेडिएशन यंत्र बनवलं, ‘भाभाट्रॉन’. ते व्हिएतनामलाही गेलं.

भारतात कॅन्सरच्या दहा पेशंटपैकी साधारण तिघांना तोंडाचा, घशाचा किंवा मानेकडचा कॅन्सर असतो. आपल्याकडे त्यामागे बहुतेकदा तंबाखू आणि सुपारी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि कॉलेजच्या गेटबाहेर काय मिळतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर थांबू नका, दाखवा. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे.

घरात कुणाचं रेडिएशन ठरलं, तर दोन गोष्टी त्यांना सांगा. सुरू होण्याआधीचे दिवस वाया जात नाहीत. आणि सुरू झाल्यावर घसा सोलवटला, जेवण जाईना झालं, तरी मध्येच सोडून गावी यायचं नाही. मध्ये खंड पडला की कॅन्सरला सावरायला वेळ मिळतो. त्रास डॉक्टरांना सांगायचा, त्यावर औषध असतं.

आणि बीएस्सी फिजिक्स करून पुढे काय, असं विचारणाऱ्यांसाठी: एमएस्सीनंतर भाभा केंद्राचा तो डिप्लोमा आजही आहे. ज्या पोराला हॉस्पिटलात काम करायचंय पण नीटमध्ये नंबर लागला नाही, त्याने हा रस्ता बघायला हरकत नाही.

काकांची सात आठवड्यांची लाइट पूर्ण झाली. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. तो मुखवटा त्यांनी फेकलेला नाही, ओसरीत कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकवलाय. जेवताना पाण्याचा तांब्या जवळ लागतो, तिखट अजून सोसत नाही. पण भाकरी आमटीत कुस्करून खातात, स्वतःच्या हाताने, आणि बागेला पाणीही स्वतःच देतात. तंबाखूची डबी मात्र आता घरात नाही.